हळू बोलणारा सिल्व्हर

रविवार, रात्री

स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड' या कादंबरीवर बीबीसीने १९७७ साली केलेली चार भागांची मालिका आज पाहून संपवली आणि लाँग जॉन सिल्व्हर या एकपायी चाच्याची मला प्रथमच खरी भीती वाटली. १९५० सालच्या डिस्नेच्या चित्रपटात रॉबर्ट न्यूटनने डोळे गरगर फिरवत, घोगऱ्या आवाजात गुरगुरत जो सिल्व्हर उभा केला, त्याची छाप पुढे पडद्यावरच्या कितीतरी चाच्यांवर पडली. या मालिकेतला सिल्व्हर, आल्फ्रेड बर्क, त्या वाटेला गेलाच नाही. त्याचा सिल्व्हर हळू बोलतो, समोरच्याचे म्हणणे नीट ऐकून घेतो आणि मग असे काही समजूतदारपणे उत्तर देतो की त्याच्यावर विश्वास टाकणाऱ्या जिम या कथानायक मुलाला भोळा म्हणवत नाही. याच बर्कने आधी दहा वर्षे 'पब्लिक आय' या मालिकेत फ्रँक मार्कर हा एकाकी, फारशी कमाई नसलेला खासगी गुप्तहेर साकारला होता. आजच्या प्रेक्षकांनी त्याला हॅरी पॉटरच्या दुसऱ्या चित्रपटात वृद्ध मुख्याध्यापक डिपेटच्या रूपात पाहिले आहे.

कादंबरीचे सारे बळ सफरचंदांच्या पिंपाच्या प्रसंगात आहे, असे माझे फार पूर्वीपासूनचे मत आहे. 'हिस्पॅनिओला' जहाजाच्या डेकवरच्या त्या पिंपात जिम बसलेला असतो आणि बाहेर सिल्व्हर एका तरुण खलाशाला खजिना बळकावण्याच्या कटात ओढत असतो. कट कळल्याने जिम हादरतो, पण त्याच्या जिव्हारी लागते ती निराळीच गोष्ट: जिमच्या हुशारीचे कौतुक करताना सिल्व्हरने जे शब्द वापरले होते, नेमके तेच शब्द तो आता दुसऱ्या पोराला ऐकवत असतो. मग सिल्व्हर त्या खलाशाला पिंपातले एक सफरचंद काढून आणायला सांगतो आणि जिमचा जीव वाचतो तो केवळ कटातल्याच इस्रायल हँड्झला त्या क्षणी रम हवी असते म्हणून. या मालिकेत हा हँड्झ पॅट्रिक ट्राउटनने केला आहे. सिल्व्हरची भूमिका मृदू आवाजात केली तरच या प्रसंगाला धार येते, कारण गुरगुरणाऱ्या माणसाच्या कौतुकाने कोणी मूल हुरळून जाणार नाही, आणि हुरळून गेल्याशिवाय ते असे दुखावणारही नाही. स्टीव्हन्सनने या पात्राचा दरारा आणि पंगू शरीरातले बळ घेतले ते आपला मित्र, डावा पाय गमावलेला कवी हेन्ली, याच्यावरून. ज्याचे मूळ एका आवडत्या मित्रात आहे, त्या पात्रात आकर्षण असणे स्वाभाविकच आहे.

मालिकेचे वय लपत नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे बाहेरची दृश्ये फिल्मवर आणि आतली स्टुडिओत व्हिडिओटेपवर घेतलेली असल्याने दार ओलांडताच उजेडाचा पोत बदलतो, आणि याची सवय व्हायला थोडा वेळ लागतो. तरीही हा स्टुडिओ मला कथेच्या उपयोगाचा वाटला, कारण मोठा समुद्र दाखवण्याची सोय नसल्यामुळे कॅमेरा माणसांच्या चेहऱ्यांजवळ राहतो, आणि ही कथा मुळात चेहरे ओळखण्याचीच आहे. जॉन लुकारोटीचे रूपांतर आणि मायकेल ब्रायंटचे दिग्दर्शन संवादांना घाई करत नाही, हे मला विशेष भावले.

शत्रूच्या तळात जिम एकटा सापडतो, तेव्हा सिल्व्हर त्याला आपल्याच साथीदारांपासून वाचवतो आणि लगेच त्याच्या कानाशी आपला सौदाही मांडतो: मी तुला वाचवतो, तू मला फासापासून वाचव. ही माया आहे की हिशेब, याचे उत्तर कादंबरीने दिलेले नाही. बर्कचा सिल्व्हर पाहिल्यावर मला वाटते की माया खरी आहे आणि हिशेबही खरा आहे, आणि गरज पडली असती तर त्याने मायेचा बळी दिला असता. तो पुढे नाण्यांची एक थैली घेऊन पसार होतो, तेव्हा इतक्या स्वस्तात सुटलो म्हणून सगळ्यांना हायसे वाटते. मला मात्र तो अजून थोडा वेळ पडद्यावर हवा होता.