दगडी वाड्यात वायरलेस कार्ड बसवताना : माझा अनुभव

साताऱ्याच्या मंगळवार पेठेत आमचा जुना वाडा आहे. रस्त्याच्या बाजूच्या सोप्यात फायबरची जोडणी आणि राऊटर, मध्ये उघडा चौक आणि चौकापलीकडच्या खोलीत माझा संगणक, अशी घराची मांडणी आहे. या संगणकावर मी गेली बारा वर्षे पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची अक्षरजुळणी करते. लेखकांकडून मजकूर येणे आणि छापखान्याला पीडीएफ जाणे हे सारे इंटरनेटवरूनच होत असल्यामुळे एक दिवस जरी जोडणी बंद पडली, तरी माझे काम थांबते. सोप्यापासून मागच्या खोलीपर्यंत सुमारे वीस मीटरची लॅन केबल चौकाच्या कडेने, पागोळ्यांखालून, उघड्यावरच नेलेली होती. गेल्या मे महिन्यात वळवाच्या पावसात अजिंक्यताऱ्याच्या बाजूला मोठी वीज कडाडली, घरातले दिवे क्षणभर मंद झाले, आणि त्यानंतर संगणक नेहमीसारखा सुरू झाला तरी इंटरनेट मात्र सुरू झाले नाही.

दोष नेमका कुठे आहे हे आधी ठरवणे आवश्यक होते. संगणकामागचा लॅन पोर्टचा हिरवा दिवा पेटत नव्हता. केबल राऊटरच्या ज्या पोर्टात होती तो पोर्टही मेलेला निघाला. शेजारच्या पोर्टात तीच केबल लावून दुसरे टोक लॅपटॉपला जोडले तेव्हा लॅपटॉपवर इंटरनेट आले, पण संगणकाला जोडल्यावर पुन्हा शांतता. याचा अर्थ केबल शाबूत होती आणि तिच्या दोन्ही टोकांचे पोर्ट जळले होते. वीज आमच्या घरावर पडलेली नव्हती. मात्र जवळपास वीज कोसळली की लांब पसरलेल्या तांब्याच्या तारेत क्षणभर मोठा दाब निर्माण होतो आणि तो टोकाच्या नाजूक भागांना सोसत नाही. बाहेरून येणारी फायबर काचेची असते, तिच्यातून वीज वाहत नाही. आमच्या घरात धोक्याची तार होती ती चौकातली लॅन केबल.

नवे लॅन कार्ड स्वस्तात मिळाले असते. परंतु तीच केबल त्याच चौकातून नेऊन पुढच्या वळवाची वाट पाहणे मला पटले नाही, म्हणून वायरलेसकडे, म्हणजे तारेविना चालणाऱ्या वाय-फायकडे वळले.

सुरुवातीला मी घाई केली. पोवई नाक्याजवळच्या एका दुकानातून नखाएवढा यूएसबी डोंगल, म्हणजे यूएसबी पोर्टात खोचायचा वाय-फायचा तुकडा, आणला. तो चालला, पण आमच्या घरात चालला असे म्हणता येत नाही. संगणकाच्या मागे, भिंतीला लागून असलेल्या पोर्टात तो बसवल्यावर दर काही मिनिटांनी जोडणी तुटत असे, आणि एका दिवाळी अंकाच्या चार फॉर्मांची फाइल दुपारभर अर्ध्यावरच अडकून राहिली. इतक्या लहान वस्तूत अँटेनाही तेवढीच लहान असते, हे त्या वेळी माझ्या लक्षात आले नव्हते.

त्या संध्याकाळी पुण्यात नेटवर्किंगचे काम करणाऱ्या पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "काकू, आतमध्ये बसणारे कार्ड घ्या, पण दुकानात जाण्याआधी कॅबिनेट उघडून कोणते स्लॉट मोकळे आहेत ते बघा आणि फोटो काढून ठेवा." हा सल्ला फार मोलाचा ठरला. माझ्या मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किटपाटीवर, एक लांब स्लॉट (कार्ड बसवण्याची खाच) होता, तो ग्राफिक्स कार्डासाठीचा आणि रिकामा. त्याखाली दोन आखूड स्लॉट होते. त्यांपैकी एकात जुन्या प्रिंटरसाठी बसवलेले पॅरलल पोर्टाचे कार्ड होते. हे आखूड स्लॉट पीसीआय एक्स्प्रेस एक्स-१ प्रकारचे. वायरलेस कार्ड त्यातच बसते, आणि आखूड स्लॉट मोकळा नसेल तर तेच कार्ड लांब स्लॉटातही चालते. फार जुन्या संगणकांत साध्या पीसीआयचे पांढरे लांबट स्लॉट असतात, त्यात मात्र ते बसत नाही.

दुसऱ्यांदा दुकानात गेले तेव्हा चिपचे नाव विचारूनच खरेदी करायची असे ठरवले होते. दुकानदाराने आधी इंटेल एएक्स-२०१ पुढे केले आणि म्हणाले, "ताई, नंबर मोठा आहे म्हणजे नवीनच असणार." मी तिथेच फोनवर माहिती वाचली. इंटेलच्या या मालिकेत शेवटी एक हा आकडा असलेली २०१ आणि २११ ही कार्डे एका अर्थी अपुरी असतात, कारण वायरलेसचे निम्मे काम इंटेलच्याच ठरावीक प्रोसेसर आणि चिपसेटमध्ये होईल असे गृहीत धरून ती बनवलेली आहेत. माझा सातव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर त्या ठरावीक प्रोसेसरांत मोडत नाही. २०० आणि २१० ही कार्डे मात्र स्वतंत्र आहेत, ती पीसीआय एक्स्प्रेसवर चालतात. मी एएक्स-२०० असलेले कार्ड मागितले आणि दुकानदारांनी गोदामातून ते आणून दिले. ते ब्रॅकेटसह होते, दोन अँटेना होत्या आणि एक बारीक चार-पदरी वायर होती. त्या वायरचे प्रयोजन दुकानात कोणी सांगितले नाही. ते पुढे कळले.

कार्ड बसवण्याचे काम वाटले होते त्यापेक्षा सोपे निघाले. प्लग काढला, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरले, म्हणजे आत साठलेला विजेचा अंश निघून जातो. कॅबिनेट टेबलावर आडवे ठेवले, कारण उभ्या कॅबिनेटमध्ये कार्ड दाबताना हात तिरका होतो. आतली धूळ मऊ ब्रशने काढली. कॅबिनेटच्या मागील बाजूस प्रत्येक स्लॉटसमोर पत्र्याची पट्टी असते. माझ्या कॅबिनेटमध्ये ती स्क्रूने लावलेली नव्हती. ती पत्र्यातच अर्धवट कापलेली होती आणि मागेपुढे वाकवून तोडावी लागली. तिची कड धारदार असते, म्हणून हाताला फडके गुंडाळले. कोणत्याही कार्डाला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला बोटे टेकवली, जेणेकरून अंगावरची स्थिर वीज तिथेच उतरावी. मग कार्ड दोन्ही टोकांना अंगठ्यांनी सारखा दाब देत खाली बसवले. सोनेरी दातांची ओळ स्लॉटमध्ये पूर्ण दिसेनाशी होईपर्यंत दाबावे लागते. एक टोक जरा वर राहिले तरी संगणकाला ते कार्ड दिसत नाही. ब्रॅकेटचा स्क्रू घट्ट केला आणि अँटेना हातानेच फिरवून लावल्या. पान्याने त्या आवळू नयेत.

संगणक सुरू केल्यावर विंडोज १० मध्ये वायरलेसचे चिन्ह आले नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडल्यावर "नेटवर्क कंट्रोलर" या नावापुढे पिवळा त्रिकोण दिसला. ही गोष्ट मला समाधानाची वाटली, कारण कार्ड संगणकाला दिसत आहे, फक्त त्याची ओळख पटवणारी आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. पेटीत ड्रायव्हरची सीडी होती, परंतु माझ्या संगणकाला सीडी ड्राइव्हच नाही. इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरसाठी इंटरनेट, असा पेच होता. त्यावरचा उपाय हातातच होता. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने संगणकाला जोडून सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू केले की विंडोजला फोन हेच एक लॅन कार्ड वाटते आणि इंटरनेट चालू होते.

ड्रायव्हर शोधताना पेटीवरच्या नावावर विश्वास ठेवू नये, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते, कारण एकाच पेटीत वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या चिप येऊ शकतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या नावावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स आणि त्यात हार्डवेअर आयडी निवडले की एक लांब ओळ दिसते. माझ्या ओळीत "व्हीईएन ८०८६" आणि "डीईव्ही २७२३" असे दोन भाग होते. पहिला भाग उत्पादकाचा असतो. ८०८६ म्हणजे इंटेल, आणि हा आकडा कंपनीच्या १९७८ सालच्या ८०८६ या प्रोसेसरचाच आहे. दुसरा भाग चिपचा असतो. २७२३ म्हणजे एएक्स-२००. रिअलटेकची चिप असती तर पहिल्या जागी १०ईसी आले असते. हे दोन आकडे हाती आल्यावर मी थेट इंटेलच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवला आणि बसवला. पिवळा त्रिकोण गेला, खालच्या पट्टीवर वायरलेसचे चिन्ह आले.

ब्लूटूथ मात्र दिसत नव्हते. ती चार-पदरी वायर त्यासाठीच होती. अशा कार्डांत वायरलेसचे काम स्लॉटमधून चालते, परंतु ब्लूटूथ यूएसबीवर चालते, म्हणून कार्डापासून मदरबोर्डवरच्या नऊ पिनांच्या यूएसबी हेडरपर्यंत, म्हणजे यूएसबीची वायर लावायच्या पिनांच्या जोडापर्यंत, वायर जोडावी लागते. या हेडरवर दहापैकी एका पिनेची जागा मोकळी असते, त्यामुळे कनेक्टर उलटा बसत नाही. पुन्हा प्लग काढला, वायर जोडली आणि तेही काम झाले.

यानंतरचा भाग मला सर्वांत अवघड गेला आणि मी सर्वाधिक वेळ त्यालाच दिला. कार्ड उत्तम, ड्रायव्हर योग्य, तरीही सिग्नल अगदी क्षीण होता. कमांड प्रॉम्प्टमध्ये "नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस" ही आज्ञा दिली की सिग्नल टक्क्यांत दिसतो. माझ्याकडे तो चौतीस टक्के होता. आमच्या वाड्याच्या भिंती काळ्या दगडाच्या आणि जवळपास दोन फूट जाड आहेत. राऊटर रेडिओलहरींच्या दोन पट्ट्यांवर प्रसारण करतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब असते, ५ गिगाहर्ट्झची सुमारे सहा. दुसरी वेगवान असली तरी भिंतीतून जाताना अधिक क्षीण होते, आणि पावसात भिंत ओलावली की दोन्हींची तीच गत अधिक बिघडते. त्यातच माझे कॅबिनेट टेबलाखाली होते आणि त्याच्या मागच्या अँटेना भिंतीला टेकलेल्या होत्या. म्हणजे राऊटर आणि अँटेना यांच्यामध्ये आधी दगडी भिंत होती आणि मग लोखंडी कॅबिनेट.

दुकानातून मी चुंबकाच्या बैठकीची आणि दीड मीटर वायरची अँटेना आणली. वायरीचे पेच कार्डाच्या पेचांशी जुळतात की नाही हे तिथेच तपासले, कारण वरून सारखे दिसणारे दोन प्रकार असतात आणि त्यांत मधली पिन उलट बाजूला असते. मग प्रत्येक ठिकाणी अँटेना ठेवून तीच आज्ञा देत आकडे एका जुन्या प्रूफच्या पाठीमागे लिहीत गेले. टेबलावर एक्केचाळीस, कपाटावर पंचेचाळीस, खिडकीत छप्पन्न. दाराच्या चौकटीलगतच्या कोनाड्यात, जिथून चौकाच्या उघड्या भागातून सोप्याचे दार दिसते, तिथे बहात्तर. तो कोनाडा सासूबाईंचा. त्यात समई आणि काडेपेटी असे. मी संकोचत विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, समईला काय, ती देवघरात शोभेलच. तुझे काम अडता कामा नये." त्यांनी स्वतः कोनाडा पुसून दिला. अँटेनाच्या दोन्ही दांड्या उभ्या ठेवल्या, कारण दांडीच्या टोकाच्या दिशेने सिग्नल सर्वांत कमी जातो आणि राऊटर त्याच मजल्यावर आहे.

राऊटरच्या सेटिंगमध्येही थोडे बदल केले. राऊटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले होते, त्यामुळे संगणक मनाला येईल तसा इकडून तिकडे उडी मारत असे. दोन वेगळी नावे दिली आणि संगणक ५ गिगाहर्ट्झवर कायम केला. २.४ च्या पट्टीवर आपोआप निवडलेला चॅनेल, म्हणजे पट्टीतला उपविभाग, तिसरा होता. पेठेत घराला घर लागून असते आणि प्रत्येक घरात राऊटर. २.४ मध्ये फक्त १, ६ आणि ११ हे तीन चॅनेल एकमेकांवर न चढता चालतात. शेजारच्यांचा गर्दीचा भाग पाहून मी अकरावा निवडला. त्यावर घरातले फोन चालतात. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए-२ आणि डब्ल्यूपीए-३ या वाय-फाय कुलूपबंद करण्याच्या पद्धतींचे मिश्र रूप ठेवले, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता जोडण्याची सोय) बंद केले आणि राऊटरचा मूळ पासवर्ड बदलला.

दोन तक्रारी उरल्या होत्या. प्रिंटर संगणकाला दिसेना, कारण विंडोजने नवी जोडणी "पब्लिक" धरली होती. ती "प्रायव्हेट" केल्याबरोबर प्रिंटर दिसू लागला. संगणक झोपेतून उठल्यावर जोडणी परत येत नसे. त्यासाठी डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधील, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा देणारी खूण काढून टाकली.

चौकातली केबल मी स्वतः सोडवून गुंडाळली. तिच्या खिळ्यांची भोके अजून भिंतीत आहेत. ड्रायव्हरची फाइल एका पेनड्राइव्हवर घेऊन टेबलाच्या खणात ठेवली आहे, आणि हार्डवेअर आयडीचे दोन आकडे लिहिलेली चिठ्ठी कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवली आहे.