सागवान, हातची काच आणि ३ मिमी फट

गोव्यातल्या जुन्या खिडक्यांत शिंपल्यांचे तुकडे लाकडी पट्ट्यांमध्ये नुसते सरकवलेले दिसतात. सागवानी टेबलात हातची, म्हणजे हाताने बनवलेली, काच बसवतानाही तीच रीत हवी. पावसाळ्यात सागवान रेषांना आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. काच मात्र तशी फुगत नाही, मग घट्ट खाचेत कोपऱ्यापासून तडकते. चारही बाजूंना ३ मिमी फट सोडा, खाली रबराचे तुकडे ठेवा.

हातच्या काचेची जाडी सारखी नसते. एकाच तुकड्यात ६ मिमीही भरते नि ८ मिमीही. म्हणून काच तयार होऊन आल्यावर कडेने दहा ठिकाणी मापा, मगच खाच पाडा. सुतार घाई करतो, पण क्रम हाच बरोबर.

काच धरणारी पट्टी पितळी स्क्रूने लावा, म्हणजे काच बदलता येते. सिलिकॉन (काच चिकटवायची पेस्ट) वापरलंत तर व्हिनेगरसारखा वास येणारं पितळ खातं, ‘न्यूट्रल’ लिहिलेलं घ्या.