कोल्हापूर ते बँकॉक: हवेत साडेचार तास, घरातून एकवीस

मुंबई ते बँकॉक हवाई अंतर सुमारे ३,००० किलोमीटर, विमानाला साडेचार तास. एवढंच बघून मी आईला म्हणालो होतो, "सांगलीला जाऊन आल्यागत वाटंल." कावळा नाक्यावरून रात्री साडेआठला निघालो ते हॉटेलच्या दारात टेकेपर्यंत एकवीस तास गेले. जाणाऱ्यांनी हिशेब घरापासूनच धरावा.

मुंबईपर्यंतचा रस्ता पावणेचारशे किलोमीटर. पहाटे पाचला सायन येईल असं धरलं होतं, पण खंडाळ्याच्या घाटात ट्रक आडवा झाला आणि दीड तास बस जागची हलली नाही. "लेका, अजून घाटातच हाय व्हय आपण?" आई सारखी विचारत होती. विमान सकाळी अकराचं होतं म्हणून निभावलं. काउंटर विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होतं. आठचं विमान असतं तर गेलंच होतं. बस पोचायची वेळ आणि विमानाची वेळ यांत सहा तास तरी ठेवा.

काउंटरवर विचारलं, "बॅगेत सुकं खोबरं आहे का?" होतं. अंबाबाईच्या ओटीतली वाटी आईनं साडीच्या घडीत जपून ठेवली होती. खोबऱ्यातल्या तेलानं पेट घ्यायचा धोका असतो, म्हणून चेक-इनच्या बॅगेत ते चालत नाही. आईनं वाटी काढून कपाळाला लावली, आणि तिथंच बाकावर बसून आम्ही ती दातांनी फोडून खाल्ली. आपल्याकडं प्रसादाशिवाय कुणी निघत नाही, तेव्हा हे घरीच बघा. पॉवर बँकेचं उलटं आहे, ती हातातल्याच बॅगेत हवी.

खिडकी डावीकडची मिळाली. हैदराबादच्या बाजूनं जमीन सरली की दोन तास खाली नुसता बंगालचा उपसागर. मग म्यानमारची चिंचोळी हिरवी पट्टी दिसते आणि लगेच विमान उतरायला लागतं. घड्याळ दीड तास पुढं करायचं: आमच्या साडेतीनला तिथं पाच वाजले होते.

थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटला भुलू नका. सुवर्णभूमी विमानतळाच्या तळघरातून रेल्वे मिळते, ती अर्ध्या तासाच्या आत शहरातल्या फाया थाई स्टेशनला सोडते. संध्याकाळच्या टॅक्सीपेक्षा हीच बरी.

परतीला आमची चूक झाली. तिकिटावर सुटायची वेळ सात, पोचायची साडेदहा. साडेतीन तास दिसतात, पण दीड तास घड्याळाचा, म्हणजे प्रवास पाच तासांचा. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून येतात, म्हणून येताना वेळ जास्त लागतो. बॅगा मिळेपर्यंत बारा वाजले, कोल्हापूरच्या रातराण्या केव्हाच गेल्या होत्या. आईला घेऊन सकाळपर्यंत खुर्चीवर बसलो. दुपारी मुंबईत उतरणारं विमान घ्या, थोडं महाग पडलं तरी. रात्रीची बस आरामात मिळते आणि सकाळचा चहा घरी होतो.