आईचा सातवीचा दाखला

मे-जून आला की आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. वेंगुर्ला रोडवर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे आमचं, हिंडलग्याच्या पुढं, त्यामुळं एकीकडनं बेळगावची पोरं आणि दुसरीकडनं बॉर्डरपल्याडच्या महाराष्ट्रातली, शिनोळी, पाटणे फाटा, चंदगडकडची पोरं, सगळी इथंच येऊन टेकतात. नीट, सीईटी, स्कॉलरशिप, उत्पन्नाचा दाखला, सगळं. लाइट गेली की बाहेर कट्ट्यावर बसतात आणि दर पाच मिनिटांनी आत डोकावतात, जशी काय लाइट मीच घालवल्या.

आता मेडिकल लाइनचं सांगते, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथंच होतो. आमच्याकडं लोकांच्या डोक्यात दोनच खुर्च्या, डॉक्टर नाहीतर नर्स. डॉक्टर म्हणजे एमबीबीएस साडेचार वर्षं आणि वर् एक वर्ष इंटर्नशिप, त्याला नीट पाहिजे हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. खरं बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएसलापण नीटच लागते हे दर वर्षी कुणालातरी निकालानंतर कळतं! "आयुर्वेदाला कशाला नीट, ते काय औषधं कुटायचंच की" असं एका काकांनी मला ऐकवलेलं. 180 प्रश्न, 720 मार्क, त्यातले निम्मे बायोलॉजीचे, आणि चुकलं की एक मार्क वजा. काका गप्प.

नर्सिंगचं वेगळं. बीएससी नर्सिंग चार वर्षं, त्याला बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी पाहिजेच, आणि आपल्या कर्नाटकात सरकारी कोट्यातली सीट पाहिजे तर सीईटी द्यायची. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षांचं, त्याला आर्ट्सवाली पोरगीपण चालते, आणि जीएनएम झाल्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक केलं की तीपण बीएससीच. हे मी किती जणींना सांगितलं असेल, देव जाणे. घरची परिस्थिती बेताची असली तर मला हा रस्ता बरा वाटतो, आधी कमवायला लागायचं, मग पुढचं शिकायचं. डायलिसिस, ओटी टेक्निशियन, लॅब, ऑप्टोमेट्री हे तर कुणी विचारतसुद्धा नाही, आणि 2021 साली त्या सगळ्यांसाठी केंद्रानं वेगळा कायदा केलाय, त्यांचं वेगळं कमिशन आहे, तेपण माहीत नसतं. असो.

खरा घोळ अभ्यासाचा नाहीच, खरा घोळ शिनोळीचा आहे. म्हणजे बॉर्डरचा.

कर्नाटकात सरकारी कोटा पाहिजे तर पहिली ते बारावीत मिळून सात वर्षं कर्नाटकातल्या शाळेत काढलेली पाहिजेत आणि दहावी नाहीतर बारावी इथनं पास पाहिजे. त्यामुळं बेळगावचं पोरगं अकरावी-बारावीला कोल्हापूरला क्लाससाठी गेलं तरी त्याचं इथलं काही जात नाही, दहावीपर्यंतची वर्षं त्याच्या नावावर असतात. महाराष्ट्राचं मात्र उलट, तिथं मेडिकलच्या राज्य कोट्याला दहावी, बारावी दोन्ही महाराष्ट्रातनंच पाहिजे, आणि वर् डोमिसाइल. मग चंदगडचं पोरगं बेळगाव जवळ पडतंय, एसटीचा पास स्वस्त पडतोय म्हणून दहावीनंतर इथं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, आलं, की ते मधेच लटकतं. तिकडं बारावी बाहेरची म्हणून नाही, इकडं दोनच वर्षं झालीत म्हणून नाही. ऑल इंडियाचा 15 टक्के कोटा नाहीतर मॅनेजमेंट सीट, एवढंच उरतं. अॅडमिशन घेताना हे कुणी म्हणजे कुणी सांगत नाही.

(बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी पोरांना महाराष्ट्रात सरकारी मेडिकलला सीमाभागाच्या म्हणून थोड्या जागा असतात, महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतोय त्या 865 गावांतल्यांसाठी. आणि तिकडं जत, अक्कलकोट, गडहिंग्लजच्या कानडी पोरांना कर्नाटक गडिनाडू, म्हणजे सीमेवरचे कानडी, म्हणून घेतं, त्यांची कन्नडची परीक्षा घेऊन. म्हणजे दोन्ही सरकारं दुसऱ्याच्या अंगणातल्या पोरांना बोलवूलालीत. चंदगडच्या मराठी पोराला मात्र कुणी बोलवत नाही.)

दोन वर्षांमागं अशीच एक पोरगी आली आईला घेऊन. चंदगड तालुक्यातली, दहावीपर्यंत तिकडंच, पीयूसी सायन्स बेळगावात, सीईटी दिलेली, नर्सिंगच पाहिजे म्हणत होती. फॉर्मात पहिलीपासून कुठली शाळा, कुठलं राज्य असं एकेक वर्ष भरायचं असतं. मी भरत गेले, महाराष्ट्र, महाराष्ट्र, महाराष्ट्र, दहा वेळा, आणि पोरीचं तोंड उतरत गेलं.

मग मला नियमाची दुसरी ओळ आठवली. पोरानं अकरावी-बारावी दोन्ही इथं केली असली आणि आई नाहीतर वडील कर्नाटकात सात वर्षं शिकलेले असले तरी चालतं. वडील तिकडचेच. मी आईला विचारलं, "मावशी, तुमचं माहेर कुठलं ओ?"

"उचगावच्या पल्याड, हिकडचंच की."

"शाळा?"

बाई लाजलीच. "मी काय शिकलेलो न्हवे ताई. सातवीपतोर गेलो, मग घरात बसवलं."

पहिली ते सातवी. मी बोटावर मोजलं, परत मोजलं. सात!

दुसऱ्या दिवशी मीपण गेले त्यांच्याबरोबर, दुकान भावावर टाकून. मराठी शाळा, कौलारू, हेडमास्तरांनी कपाटातनं जनरल रजिस्टर काढलं, लाल कापडाची बांधणी, पानं कडेला वाळवीनं खाल्लेली. माहेरच्या नावानं शोधायला लागलं, सासरचं नाव सांगून काय मिळणार. सापडलं. पहिलीत दाखल, सातवी पास, शाळा सोडण्याचं कारण "घरकाम". बाईनं ते दोनदा वाचलं, पदर तोंडाला लावून. पोरगीनं फोटो काढला.

मग पुढची पळापळ. स्टडी सर्टिफिकेट, त्यावर बीईओची, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याची, सही, माहेरचं-सासरचं नाव एकच बाईचं आहे म्हणून नोटरीकडं अॅफिडेव्हिट. एका ऑफिसात क्लार्कनं दोन फेऱ्या मारायला लावल्या, फॉर्म कन्नडमधनं भरला नाही म्हणून. भरला परत. मला लिहायला येतंय, नसतं येत तर काय केलं असतं बाईनं?

सीट लागली, सरकारी कोट्यातनं. आता सेकंड इयरला आहे. परवा स्कॉलरशिपच्या फॉर्मला आली तर सांगत होती, वॉर्डात गोकाक, बैलहोंगलकडचे पेशंट, एक अक्षर मराठी नाही, पहिले सहा महिने नुसतं "नोवु एल्ली", म्हणजे कुठं दुखतंय, एवढंच बोलत होती म्हणे. आता शिकली, सिस्टरांचं बोलणं ऐकून ऐकून.

तेव्हापासून चंदगडकडचं कोण आलं की मी मार्क नंतर विचारते, आधी आईचं माहेर विचारते. पोरांना वाटतं बाई लग्न जमवते की काय.