ताटाची उजवी बाजू

"भाजीचे नखरे आहेत नुसते," आजी म्हणाल्या. ऑपरेशन होऊन घरी आलेल्या नातवाने डावीकडची कोशिंबीर, लोणचं चाटूनपुसून संपवलं होतं. उजवीकडची बटाट्याची भाजी तशीच. आईने ताट अर्धं फिरवलं आणि पोराचा हात थेट भाजीत!

नखरे नव्हेत हो. फिट्स थांबवण्यासाठी मेंदूचा डावा अर्धा भाग उरलेल्या मेंदूपासून तोडला, की दोन्ही डोळ्यांना उजवीकडचं दिसेनासं होतं. ते परत येत नाही. मान उजवीकडे वळवून बघायची सवय लावावी लागते, हाक मारून, खेळणं त्या बाजूला ठेवून. वर्गात उजव्या टोकाला बसवा, म्हणजे फळा डावीकडे येतो. रस्त्यावर आपण त्याच्या उजवीकडे चालायचं.

फिट थांबली म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. आणि काही महिन्यांनीसुद्धा उलट्या, डोकेदुखी, गुंगी वाढली तर पित्त समजून थांबू नका. मेंदूत पाणी साठलेलं असू शकतं, त्याच दिवशी दाखवा.

ताट फिरवून बघायचं सुचलं नसतं, तर किती दिवस बोलणी खाल्ली असती त्या लेकराने?