कॉल ऑफ ड्यूटी ४, व्हेटरनवर: आता फक्त विमान उरलंय

'कॉल ऑफ ड्यूटी ४' हा युद्धाचा व्हिडिओ गेम मी 'व्हेटरन' या सगळ्यात कठीण पातळीवर खेळतोय. मुख्य मोहीम संपली. क्रेडिट्स सरकून गेल्यावर येणारं विमानातलं मिशन, 'माइल हाय क्लब', तेवढं बाकी आहे आणि सध्या गाडी तिथेच अडलीय. त्याआधी मधल्या टप्प्यांबद्दल थोडं.

२००७ चा हा गेम व्हेटरनवर खेळलेल्या कुणालाही विचारा, पहिली तक्रार ग्रेनेडची. खरीच आहे. आडोशामागे बसून गोळ्या लागल्यावर स्क्रीनवर येणारी लाली उतरायची वाट बघत असतो, तेवढ्यात ग्रेनेडचं चिन्ह दिसतं. तो उचलून परत भिरकावेपर्यंत दुसरा शेजारी येऊन पडलेला. पण मूळ दुखणं ग्रेनेडचं नाही, स्पॉनचं, म्हणजे शत्रू पुन्हा पुन्हा उगवण्याचं आहे. बऱ्याच जागी शत्रू संपतच नाहीत. चौघांना पाडलं की त्याच दारातून नवे चौघे. गेमने न दिसणाऱ्या रेषा आखून ठेवल्यात. तुम्ही रेषा ओलांडली की मागून येणारी भरती थांबते. त्यामुळे 'सगळे टिपू, मग निवांत पुढे जाऊ' हा सावधपणाच अंगाशी येतो. बसून राहाल तितके ग्रेनेड जास्त.

हे सगळ्यात जास्त जाणवलं ते 'नो फायटिंग इन द वॉर रूम' या मिशनमध्ये. अरुंद बोगदे, समोरून सरळ गोळीबार, आडोसे मोजकेच. तिथे माझी पद्धत ठरून गेली: आधी फ्लॅशबँग (डोळे दिपवणारा ग्रेनेड), तो फुटला की लगेच पुढच्या आडोशापर्यंत धाव, वाटेत फक्त रस्ता अडवणाऱ्यांनाच गोळी. बाकीचे राहू देत. तिथला एक जाडजूड दरवाजा कासवाच्या गतीने उघडतो आणि आपल्या तुकडीतला गॅझ कॅप्टन प्राइसला सुनावतो, हवं तर ओढून बघा. त्या मिशनमध्ये हसू येण्यासारखं तेवढंच.

प्रिप्यातमध्ये मात्र नियम उलटा. तिथल्या 'वन शॉट, वन किल' मिशनच्या शेवटी जखमी साथीदार मॅकमिलनला आकाशपाळण्यापाशी ठेवायचं आणि हेलिकॉप्टर येईपर्यंत तग धरायचा. इथे पुढे जाण्यात काही मतलब नाही. येण्याच्या वाटांवर क्लेमोर (जमिनीवर लावायचे सुरुंग) लावले, कोपरा धरून पालथा पडलो आणि शक्यतो गोळीच झाडली नाही. हेलिकॉप्टर उतरल्यावर मॅकमिलनला उचलून तिथपर्यंत न्यायचं असतं, म्हणून मधला पट्टा शेवटी मोकळा हवा. काही क्लेमोर त्यासाठी राखून ठेवा.

आता विमान. व्हेटरनवर अख्खं मिशन एका मिनिटात संपवायचं, मेलात की पहिल्यापासून. अरुंद पॅसेज, सीटांमागून उठणारे शत्रू, मध्येच विमानाचं अंग फाटतं, मग जिना आणि वर ओलीस धरलेला माणूस. तिथे दहशतवाद्याच्या थेट डोक्यातच गोळी बसायला हवी. अंगावर कुठेही लागून भागत नाही. कुठला शत्रू कुठल्या सीटमागून उठतो ते आता हाताला पाठ झालंय, त्यामुळे जिन्यापर्यंत वेळ राखून पोहोचतोय. अडतंय ते वर. पायऱ्या चढताना मॅगझिन रिकामं होतं आणि रीलोड करेपर्यंत वरचे दोघे काम उरकतात.

गॅझ पहिल्याच मिशनमध्ये सांगतो की रीलोडपेक्षा पिस्तूल काढणं केव्हाही लवकर होतं. इतर ठिकाणी हा सल्ला सोयीचा आहे, इथे तो नाइलाज आहे. पुढच्या बैठकीत विमानाचं अंग फाटण्याआधीच मॅगझिन भरून घ्यायचं आणि वर कमी पडलंच तर थेट पिस्तुलावर जायचं, असं ठरवलंय.

ते जमलं की गेममध्ये लपवलेल्या ३० लॅपटॉपांपैकी राहिलेले शोधणार; ते गोळा केले की चीट, म्हणजे गमतीच्या युक्त्या, खुल्या होतात. मेलेल्या शत्रूंचे जुने टायर होतात तो चीट मला चालू करायचाय, आणि पहिला प्रयोग त्या बोगद्यातच होणार.