नेरुळच्या स्टेडियममध्ये बाबांचा आवाज

६ नोव्हेंबर २०२३, सोमवार. ऑफिसातून लवकर निघालो आणि ठाणे स्टेशनच्या दहा नंबरवर बाबांना गाठलं. नेरुळला फुटबॉलचा सामना होता: आपला मुंबई सिटी क्लब विरुद्ध सौदीचा अल हिलाल, आशियाई चॅम्पियन्स लीग. चार वेळा आशिया जिंकलेला संघ आपल्या दारात येतोय म्हटल्यावर बाबा गुडघेदुखी विसरून तयार झाले होते.

खाडी ओलांडली, ऐरोली, रबाळे, घणसोली मागे पडली, तशी डब्यात निळ्या जर्सींची गर्दी वाढत गेली. कित्येकांच्या पाठीवर नेमारचं, अल हिलालच्या ब्राझिलियन स्टारचं, नाव होतं. तो तर तीन आठवड्यांपूर्वीच गुडघा दुखावून बसलेला, येणारच नव्हता. तरी पोरं आली होती, याचं मला कौतुक वाटलं.

डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये माझं मन २०१४ पासून गुंतलंय. आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, पहिल्याच मोसमात, १८ ऑक्टोबरला, इथे मुंबईने पुण्याला ५-० धुतलं होतं आणि आंद्रे मोरित्झने हॅट्‌ट्रिक केली होती. त्या रात्री अनोळखी माणसांनी मला मिठ्या मारल्या होत्या.

या वेळी आत शिरलो तर पहिल्यांदा अंगावर आला तो स्पीकर. निवेदक ओरडणार, स्क्रीनवर अक्षरं झळकणार, मग लोक ओरडणार. खेळ थोडा थांबला की लगेच गाणं. आमच्या पुढच्या रांगेत सात-आठ वर्षांचा एक मुलगा होता. त्याने वडिलांना विचारलं, ‘‘आता ओरडायचं का?’’ वडील मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. ‘‘थांब, सांगतील,’’ म्हणाले.

मला ते फार लागलं. एका कोपऱ्यात मुंबईचे कट्टर समर्थक जीव तोडून गात होते, पण मैदान मुळात क्रिकेटचं. खेळाच्या कडेची रेघ आणि प्रेक्षकांची पहिली रांग यांत एवढं अंतर, की त्यांचं गाणं आमच्यापर्यंत येईतो विरून जायचं. उरलंसुरलं स्पीकर गिळायचा.

हे सगळं एका दिवसात झालेलं नाही, आणि सगळंच वाईट हेतूने झालंय असंही नाही. इंग्लंडमध्ये १९८९ साली हिल्सबरो स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीने ९७ जणांचा बळी घेतला. त्यानंतर मोठ्या मैदानांत उभं राहायच्या जागा जाऊन खुर्च्या आल्या. माणसं सुरक्षित झाली, ते व्हायलाच हवं होतं. पण जर्मनीत डॉर्टमुंडला आजही सुमारे २५ हजार लोक एकाच स्टँडमध्ये उभं राहून गातात. म्हणजे दोन्ही जमतं. आपल्याकडची माणसंही थंड नाहीत. २०१८ मध्ये अंधेरीत भारताच्या सामन्याला जेमतेम अडीच हजार लोक आले, कर्णधार सुनील छेत्रीने व्हिडिओतून ‘मैदानात या’ म्हणून हात जोडले आणि पुढच्याच सामन्याची सगळी तिकिटं संपली. लोकांना बोलावलं की ते येतात. आल्यावर त्यांचा आवाज त्यांच्याकडेच राहू द्यायला हवा, एवढंच माझं मागणं आहे.

बाबांनी तरुणपणी दक्षिण मुंबईतल्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स कप ही जुनी फुटबॉल स्पर्धा पाहिलीय. नोकरी चर्चगेटला, सुटल्यावर थेट मैदान. तिथे लाइनमनला आपली शिवी ऐकू जायची, असं ते अभिमानाने सांगतात. दुसऱ्या हाफमध्ये अल हिलालचा एक खेळाडू बाबांच्या मते उघड ऑफसाइड होता, पण लाइनमनने झेंडा उचलला नाही. स्पीकर नेमका बंद होता. बाबा उठले, खुर्चीला धरून, आणि ओरडले, ‘‘लाइनमन! झेंडा कुठे ठेवलास रे!’’

अख्खा ब्लॉक वळून बघायला लागला. मागून कुणीतरी ‘झेंडा! झेंडा!’ सुरू केलं. पुढचा मुलगा खुर्चीवर उभा राहिला आणि कुणालाही न विचारता बेंबीच्या देठापासून ओरडला. मिनिटभर आमच्या तीन-चार रांगा एका सुरात होत्या. मग गाणं लागलं.

०-२ हरलो. ठाण्याची गाडी धावतपळत पकडली. उतरल्यावर बाबांनी चहा मागितला, तर टपरीवाल्याला ऐकूच जाईना. आवाज पार बसला होता त्यांचा.